सरकारी वळणाची अक्षरं

माझ्या थोरल्या भावाच्या घोंगडीवर मी त्याचं नाव मुद्दाम परक्या वळणात काढलं. हात माझा आहे हे कुणाला ओळखू येऊ नये, म्हणून. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला तिच्या शेवटच्या दुखण्यातही नाही. घरात सगळ्यांना वेगळीच हकीकत ठाऊक आहे, आणि ती मी तशीच राहू दिली. कारण ती मला सोयीची होती. आता आरीच्या आकड्यात दोरा अडकवायला चष्मा लागतो, आणि सोय म्हणून जे अंगाशी धरलं ते आता टोचायला लागलंय.

तेव्हा निजामाचं राज्य होतं. धाराशिवच्या बाजारात एका दुकानात मी आरीकाम करायचो. आरी म्हणजे लाकडी मुठीची, टोकाला बारीक आकडा असलेली सुई. कापड चौकटीवर ताणायचं, दोरा खालच्या हातात धरायचा, वरून आरी टोचायची आणि दोऱ्याचा फास वर ओढायचा. त्या फासातून पुढचा फास, त्यातून त्याच्या पुढचा. कापडावर साखळी उमटत जाते. या साखळीच्या टाक्यानं आम्ही अक्षरं काढायचो. बैलांच्या झुलींवर मालकाचं नाव, देवळाच्या निशाणावर देवाचं, दर्ग्याच्या चादरीवर दुवा, चपराशाच्या पट्ट्यावर कचेरीचं नाव. मराठी, उर्दू, आणि उमरग्याकडचं गिऱ्हाईक आलं तर कानडीसुद्धा.

मला शिकवलं ते उस्तादांनी. दुकानातले सगळ्यात जुने कारागीर. पान खाऊन दात लाल झालेले, आणि तोंड सदा चालू. माझा पहिला अलिफ, म्हणजे उर्दूतलं सरळ उभ्या रेघेचं पहिलं अक्षर, बघून म्हणाले होते, "ये अलिफ है या तेरे खेत का कडबा? सीधा खडा कर उसकू, हवा लगे तो बी हिलना नै." लेखणीचं अक्षर साखळीत जसंच्या तसं उतरत नाही, हे त्यांनी मला दाखवलं. बोरूचा फराटा कुठं जाड होतो, कुठं केसासारखा बारीक. साखळीला मात्र एकच जाडी. जाड हवं तिथं दोन साखळ्या शेजारून चालवायच्या, आणि बारीक व्हायच्या जागी एक दुसरीत हळूच मुरवायची. कोपऱ्यावर साखळी घसरते, गोल होते. टोकदार कोपरा हवा असेल तर फास तिथंच बारीक टाक्यानं खिळवायचा आणि नव्या दिशेला निघायचं. कापड जितकं भरड, तितकं अक्षर मोकळं ठेवायचं. नाही तर 'म'ची गाठ, 'भ'ची गाठ दोऱ्यानं बुजून जाते आणि अक्षराऐवजी किडा बसल्यागत दिसतं.

उस्तादांना मराठी लिहिता येत नव्हतं. त्यामुळं मराठी अक्षरांचं वळण मला माझंच बसवावं लागलं. अडचण होती वरच्या रेघेची. सगळ्या शब्दावरून एकच लांब साखळी ओढली की कापड आवळायचं, नावाला सुरकुती पडायची. मग मी प्रत्येक अक्षराची रेघ वेगळी काढायला लागलो, शेवटाला जराशी वर उचललेली. शब्द लांबून बघितला तर प्रत्येक अक्षरानं टोपी घातल्यासारखी दिसे. बाजारात ते वळण चाललं. लोक मालकाकडं येऊन मागायचे, "ते टोपीवालं अक्षर टाकून द्या."

भावाला त्या टोप्यांचं भारी कौतुक. आमचं गाव सास्तूरच्या पलीकडं, कानडी मुलखाला लागून, म्हणून घरात थोडं कानडीही चालायचं. तो मला तम्मा म्हणायचा, म्हणजे धाकटा भाऊ. मी त्याला अण्णा. तो शेती बघायचा. मठात शिकल्यामुळं त्याला मराठी अक्षरं जोडून जोडून वाचता यायची. उर्दूचं त्याला एक अक्षर येत नव्हतं. पोळ्याला मी काढलेल्या झुली बैलांवर घालून तो गावभर मिरवायचा आणि मला ऐकू जाईल अशा बेतानं लोकांना सांगायचा, "आमच्या तम्माची अक्षरं नवरदेवावानी हायेत बगा. बाशिंग बांधल्याबिगर घराभाईर पडत न्हाईत."

संस्थानात गडबड सुरू झाली त्या साली तो सत्याग्रहात गेला आणि पकडला जाऊन तुरुंगात पडला. मला हे गावाकडून आलेल्या माणसानं बाजारात कानाशी लागून सांगितलं. मी दुकानात येऊन कामाला बसलो आणि कुणाला काही बोललो नाही. शहरात मला आडनावानं कुणी ओळखत नव्हतं, गाव लांब होतं. तो माझा भाऊ आहे हे फक्त उस्तादांना माहीत होतं, आणि ते कुठं बोलणारे नव्हते.

मी भ्यायलो होतो. भिण्याला कारणही होतं. त्याच महिन्यात शेजारच्या गल्लीतल्या एका शिंप्याला पोलिसांनी चौकात आणून मारलं होतं. त्यानं सत्याग्रहींना तिरंगा झेंडा शिवून दिला होता. झेंड्यावर त्याचं नाव नव्हतं, पण त्याच्या दुमडीचा टाका सगळ्या बाजाराला माहीत होता. टाक्यावरून माणूस धरला. मी दुकानाच्या फळीवरून बघत होतो. त्याचा उजवा हात पुढं धरला होता आणि त्यावर मारत होते.

थंडी पडायच्या सुमाराला वहिनी आल्या. गावाकडून बैलगाडीनं नळदुर्गापर्यंत, तिथून पुढं मोटारीनं. हातात धनगराकडून घेतलेली नवी काळी घोंगडी आणि पदराच्या गाठीत पांढऱ्या दोऱ्याचा गुंडा. दुकानाच्या मागच्या खोलीत त्या खाली मान घालून बसल्या.

"भावजी, थंडी लई हाय म्हनं तिकडं. वकिलाचा मुन्शी चाललाय, तो पोचवतो म्हन्लाय. वाकळ धाडनार हुते, माझ्या लुगड्याची. पन दुपदरी काय बी घेत न्हाईत. ठिगाळ बी उसवून बगत्यात, आत काय दडवलंय का म्हनून. निस्ती घोंगडी चालती. तेवडं त्यांचं नाव टाका तिच्यावर."

आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. लग्नकार्यात उखाण्यात घेईल तेवढंच, आणि मी तर त्या उखाण्यासाठीही वहिनींना आधी पुष्कळ छळायचो. जुन्या सवयीनं माझ्या तोंडून निघून गेलं, "कुणाचं नाव? सांगा की मग."

त्यांनी वर बघितलं आणि भावाचं नाव घेतलं. उखाणा नाही, लाजणं नाही. त्याचं नाव, सासऱ्यांचं नाव, आडनाव, असं सरळ. मग म्हणाल्या, "ध्येनात ऱ्हाईल न्हवं? चुकू नगा."

मी त्यांच्या हातातली घोंगडी घेतली.

पुढं त्या म्हणाल्या, "एका कोपऱ्यात उर्दू टाका, म्हंजी तितल्या कारकुनाला वाचाया येईल. आन् दुसऱ्या कोपऱ्यात तुमची अक्षरं टाका, टोपीची. त्यांना कळंल घरची हाय म्हनून. काळी घोंगडी काय, समद्यांची सारकीच."

मी हो म्हणालो.

त्या आमच्या एका ओळखीच्या घरी उतरल्या. दुसऱ्या दिवशी मी घोंगडी चौकटीवर ताणली. घोंगडीवर अक्षर काढणं अवघड. लोकर खरखरीत, तिच्यावर खडूची भुकटी धरत नाही, बारीक रेघ केसांत बुडून जाते. अक्षर मोठं घ्यावं लागतं, साखळी ढिली ठेवावी लागते. उर्दू नाव काढायचं तर आमच्याकडं दोन वळणं होती. एक उस्तादांचं, चादरींवरचं, उतरत्या ओळीचं, झोके घेणारं. दुसरं सरकारी मालावरचं. पोलिसांची कांबळी, दवाखान्याच्या चादरी आमच्याच दुकानात खुणा टाकायला यायच्या. त्यांच्यासाठी पत्र्याच्या साच्यावरून उचललेली चौकोनी, आखूड, एकेरी साखळीची अक्षरं होती. ती दुकानातल्या कुणीही काढली तरी सारखीच दिसत. त्यात कुणाचाच हात दिसायचा नाही.

मी सरकारी वळण घेतलं.

स्वतःशी म्हणालो की घोंगडीवर हेच नीट उठेल. ते खोटंही नव्हतं. ते वळण भरड कापडासाठीच होतं. पण मी ते घेतलं त्या दुसऱ्या कारणासाठी.

उस्ताद शेजारी चादरीवर बसले होते. थोडा वेळ त्यांनी बघू दिलं, मग पानाची पिंक टाकून आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "ये तो पोलिस लाइन का कंबल हो गया रे. भाई कू भेज रा ना?"

"कारकून को पढना है," मी म्हणालो.

"कारकून वोढके सोता क्या इसकू?" ते हसले. मी हसलो नाही, तेव्हा त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. "दूसरे कोने में तेरा वाला डाल दे. टोपी वाला."

मी मान हलवली, नको म्हणून.

त्यांना कळलं. बराच वेळ त्यांनी आरी बोटांत फिरवली. मग म्हणाले, "तू खडू से लिख दे. मैं डालता हौं. कोई पूछे तो बोलतौं मैं डाला. बुड्ढे कू कौन मारता?"

तरीही मी नको म्हणालो. खडूचं अक्षर तरी माझंच राहिलं असतं. टोप्या माझ्याच राहिल्या असत्या. ते "हौ" म्हणाले आणि परत जाऊन चादरीवर बसले. त्या दिवशी पुढं ते काही बोलले नाहीत, आणि त्यांचं न बोलणं दुकानात सगळ्यांना जाणवलं.

संध्याकाळी वहिनी आल्या. घोंगडी मांडीवर घेऊन त्यांनी बोटानं अक्षरं चाचपली. त्यांना कुठलंच अक्षर वाचता येत नव्हतं, पण मराठीला वर रेघ असते एवढं ठाऊक होतं. त्यांनी घोंगडी फिरवली, बाकीचे कोपरे बघितले.

"आन् तुमची?"

"दोरा पुरला न्हाय वैनी. लोकर लई दोरा खाती."

त्यांचं तोंड उतरलं. "म्या वाईच जास्त आनाया पायजे हुता. बाजारातनं घ्या की मग."

"मुन्शी आत्ताच निघालाय. आणि ह्या जातीचा दोरा मिळायचा न्हाय."

बाजार समोर होता. दोरा माझ्या मांडीखालच्या डब्यात होता, अर्ध्याहून जास्त. तो मी नंतर एका गिऱ्हाइकाच्या झुलीवर वापरून टाकला.

"पन ह्यांना कळंल का?" त्यांनी विचारलं.

"कळंल. वळण माझंच हाय," मी म्हणालो.

घोंगडी गेली. मुन्शानं ती पोचवल्याचा निरोपही दिला. वहिनींना समाधान वाटलं. मलाही वाटलं, हे लिहायला हवं. हिवाळाभर मी गावाकडं गेलो की त्या म्हणायच्या, "निदान घोंगडी तरी हाय अंगावर." आणि मी मान डोलवायचो.

पुढच्या पावसाळ्याच्या शेवटी हिंदुस्थानची फौज आली, राज्य गेलं, तुरुंग उघडले. भाऊ घरी आला. मी निरोप मिळताच गावाला गेलो. दारात तो बाजेवर बसला होता. खांद्याची हाडं वर आलेली, आणि दोन शब्द झाले की खोकला. मला बघून उठला, मिठी मारली, म्हणाला, "तम्मा, जाड झालास की रं! शहराचं पानी मानवलं." त्याच्या छातीत आतून घरघर चाललेली मला माझ्या अंगावर जाणवली.

वहिनींनी त्याचं गाठोडं सोडलं. दोन धोतरं, एक तांब्या. त्यांनी ते झटकून बघितलं.

"घोंगडी कुटं सोडली वो?"

"कंची घोंगडी?"

"आमी धाडल्याली. थंडीत."

"मला कुटं काय आलं? आन् न्हाय धाडली तेच बरं केलंस. वाटंत कुनी तरी हानली असती."

"धाडली हुती की! नवी कोरी. भावजींनी नाव काडलं हुतं तिच्यावर, उर्दूत. पांढऱ्या दोऱ्यानं."

भावानं मान वर केली. मग हळू विचारलं, "कोपऱ्यात? चौकोनी चौकोनी?"

"व्हय."

"ती माजी हुती व्हय?"

अंगणात आम्ही तिघंच होतो. आई भावाच्या लहान्या पोरीला घेऊन आत चुलीपाशी होती. तो सांगत गेला, रागानं नाही, एखादी मजेची गोष्ट सांगावी तसा. त्या बराकीत सगळ्यांनी ठरवलं होतं, सरकारी पांघरूण घ्यायचं नाही. एके दिवशी शिपायानं आत घोंगडी फेकली, ले तेरा कंबल म्हणून. कोपऱ्यावर सरकारी अक्षरं. बराकीत सगळे आमच्याचकडचे शेतकरी. उर्दू येणारे एक मास्तर होते, त्यांना आधीच दुसरीकडं हलवलेलं. भावाला वाटलं, आपला निर्धार मोडायला बघतायत. त्यानं घडी घातली आणि उशाला ठेवली.

"समदा हिवाळा उशाला हुती की गं. म्या भितीला टेकून बसायचो, थंडीनं झोप येत नसली की. आन् सुटताना ती तितंच ठिवली. म्हन्लं, सरकारचं सरकारला."

तो हसला आणि त्याला खोकला आला. खोकला थांबल्यावर त्यानं माझ्याकडं बघितलं.

"तम्मा, टोप्या कुटं गेल्या रं तुज्या? येक टोपी दिसली असती तरी म्या वळिकलं असतं."

माझं तोंड उघडायच्या आधीच वहिनी म्हणाल्या, "त्यांचा काय दोस? त्यांनी कारकुनाला वाचाया यावं म्हनून तसं केलं. दुसऱ्या कोपऱ्यात टोपीचीच काडनार हुते. दोरा पुरला न्हाय. म्याच कमी आनला." आणि त्या रडायला लागल्या. लग्नानंतर त्यांना रडताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

भावानं माझ्याकडं बघितलं. त्याला काय कळलं, काय नाही, मला आजही सांगता येत नाही. तो वाट बघत होता एवढं खरं.

मी म्हणालो, "व्हय अण्णा. दोरा कमी पडला."

"असूं दे," तो म्हणाला. "असूं दे. रडू नगं गं. येवडुशा दोऱ्याचं काय घिऊन बसलीस."

त्या साली हुरड्याच्या दिवसांत तो गेला. डॉक्टर म्हणाले छाती आधीपासूनच धरली असेल, घोंगडीनं काय होणार होतं कोण जाणे. हे वाक्य मी पुष्कळ वर्षं जवळ बाळगलं. ते खरंही असेल. पण तो भिंतीला टेकून बसला होता आणि घोंगडी उशाला होती, यात डॉक्टरांच्या वाक्यानं काही फरक पडत नाही. आणि समजा छाती आधीच गेलेली असेल, तरी आपल्या घरून आपल्याला काही आलं नाही असं मनात धरून त्यानं तो हिवाळा काढला. त्याला तर औषध नव्हतं.

उस्ताद त्याच सुमाराला गेले, म्हणजे शहर सोडून गेले. फौज आल्यावर आमच्या भागात त्यांच्या लोकांवर जे दिवस आले, त्यात त्यांचं घर राहिलं नाही. माझा हात वाचवायला ते पुढं झाले होते. त्यांची पाळी आली तेव्हा मी गावाला भावाच्या उशाशी होतो. असतो तरी काय केलं असतं, हे मी स्वतःला विचारत नाही. उत्तर ठाऊक आहे.

मी अजून आरीकामच करतो. शाळांचे फलक, भजनी मंडळांची निशाणं, लग्नातले रुमाल. आता मराठीच जास्त. वरची रेघ मी सरळ, एकसारखी काढतो; कापडाखाली खळीचा कागद घेतला की आवळत नाही. एखादं जुनं गिऱ्हाईक टोप्यांची आठवण काढतं. जमत नाही आता, म्हणतो.

वहिनी गावातच असतात. म्हाताऱ्या दिसायला लागल्या आहेत, वयाच्या मानानं लवकरच. पुतणीचं लग्न गेल्या उन्हाळ्यात झालं. सासरी न्यायच्या पेटीत वहिनी दोऱ्याची रिळं भरत होत्या, एकावर एक. पुतणी हसून म्हणाली, "आई, दुकान टाकायचंय का मला तिथं?" वहिनी म्हणाल्या, "असूं दे. दोरा कमी पडू देऊ नगं बाई कवा. माज्या हातनं येकदा कमी पडला." शेजारणी ऐकत होत्या. सगळ्यांना ही हकीकत पाठ आहे. एकीनं माझ्याकडं बघून मान हलवली, बिचाऱ्यानं आपलं चांगलंच करायला बघितलं होतं, अशा अर्थानं. मी पेटीला दोरी बांधायला घेतली.

महिन्या-दोन महिन्यांनी मी गावी जातो. वहिनी भाकरी वाढतात, मी जेवतो, पाठ टेकतो, संध्याकाळच्या गाडीनं परत येतो. त्यांना वाचता येत नाही, त्यामुळं हे लिहून काही फिटत नाही. दोरा भरपूर होता, तुमचं काही चुकलं नव्हतं, मी भ्यायलो होतो, एवढं त्यांच्या समोर बसून, त्यांच्या तोंडाकडं बघून सांगायचं आहे. ते मी त्यांचं देणं लागतो, आणि अजून दिलेलं नाही.